लेकीच्या लग्नातला सनई-चौघडा: मिरजेकडच्या पथकाचा अनुभव

लग्नात सनई माणसांनी वाजवलेलीच हवी, हे मी पत्रिका छापायला टाकायच्या आधीपासून घरात सांगत होते. लग्न वैशाखातलं, कार्यालय सांगलीतलं, मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा. मिरजेजवळच्या एका गावातलं चार जणांचं पथक आम्ही सांगितलं. एक मुख्य सनई, एक साथीची, एक जण सूर धरायला आणि एक चौघड्यावर. लग्नाच्या दिवशी सकाळी सातपासून पाठवणीपर्यंत १२,००० रुपये, आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाचे दोन तास ५,००० रुपये, गाडीभाडं १,००० वेगळं. सकाळच्या कामाला मी पाचपैकी पाच देते. आदल्या संध्याकाळच्या कामाला तीन, तेही थोडं हात सैल सोडून.

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी मला फोनवर बरंच काही विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी बाजारात काय काय मिळतं ते. एका इव्हेंटवाल्यांनी सजावट, वेलकम ड्रिंक आणि 'लाइव्ह सनई' असं एकत्र पॅकेज दिलं होतं, त्यात सनईचे २२,००० धरलेले. दोनच माणसं, फेटे आणि अंगरखा त्यांच्याकडून. अशाच एका पॅकेजची सनई मी नात्यातल्या एका लग्नात ऐकली होती. प्रवेशद्वाराशी दोन तरुण मुलं सनई ओठाला लावून बसलेली, फोटो छान येत होते. मी जवळ गेले तेव्हा दिसलं की बोटं एकीकडे चालली आहेत आणि स्वर दुसरीकडे. तेवढ्यात एकाने सनई खाली ठेवून पाणी प्यायलं, तरी दोन सनया वाजतच होत्या. खांबामागच्या मशीनला पेन ड्राइव्ह लावलेला होता. त्या घरच्यांना हे माहीत असतं आणि त्यांनी हौसेने तसं घेतलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी पैसे वाजवणाऱ्यांचे मोजले होते. मला त्याचा फार राग आला, आणि आमच्याकडे असं होऊ द्यायचं नाही हे तिथेच ठरलं.

पुण्याच्या एका पथकाशीही बोललो. त्यांनी २५,००० आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा सांगितला. माणसं चांगली वाटली, रेकॉर्डिंग पाठवलं तेही चांगलं होतं. पण मिरज शेजारी असताना पुण्याहून सनई आणायची, हे माझ्या मनाला पटेना. जिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथल्या दर्ग्यात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आहे आणि दरवर्षी त्यांच्या नावाने गाणंबजावणं होतं, त्या गावाच्या आसपास सनईवाला मिळणार नाही असं होईल का? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका दुकानदाराला विचारलं. त्यांनी तीन जणांची नावं सांगितली आणि त्यातल्या एकाबद्दल म्हणाले, "यांच्याकडं जावा. वडील देवळात वाजवायचे. सुरात आहेत."

आमच्या घरी भेटायला ते सनईवाले स्वतः आले, सनई घेऊनच. साठीचे असतील. मी त्यांना मामा म्हणते, ते मला ताई. त्यांनी आधी विचारलं ते पैशाचं नाही. मुहूर्त कितीचा, गुरुजी कोण, मांडव आत की बाहेर, आणि बसायची जागा कुठली. कार्यालयाचा नकाशा मी वहीच्या पानावर काढून दाखवला. कार्यालयवाले सनईवाल्यांना दाराशी बसवतात, कमानीजवळ, हे मी सांगितलं. त्यावर मामा म्हणाले, "पाव्हणं येईस्तोवर दाराशी बसतो की. पण ताई, अंतरपाट धरला की मला दिसाय पायजे. गुरुजींचा हात दिसाय पायजे. दिसणार नसंल तर मी कशाला येऊ, टेप लावा."

या एका वाक्यावर मी त्यांचं काम पक्कं केलं. पुढे मी जे लिहिणार आहे, त्याचं सार या वाक्यातच आहे.

सीमांतपूजनाचं आधी सांगते, म्हणजे तक्रार एकदाची संपेल. सहाला यायचे ते सातला आले. वैशाखात एकाच दिवशी गावोगाव लग्नं असतात आणि वाजवणारी माणसं मोजकी, त्यामुळे दुपारचं एक लग्न उरकून ते तिकडून आले होते. हे समजू शकतं, पण फोन करून कळवायला हवं होतं. व्याही दारात उभे आणि वाजंत्री नाही, अशी वेळ आली. शिवाय साथीचा सनईवाला त्या संध्याकाळी दुसराच होता. त्याची सनई मुख्य सनईला जुळत नव्हती. मामा एक स्वर लावायचे आणि त्याच्या शेजारी किंचित खाली दुसरा स्वर, असं सतत. संगीत न कळणाऱ्यालाही ते कानाला टोचत होतं. भरीस भर म्हणून वरपक्षाच्या पोरांनी सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश केली आणि त्यांनी ती पुरवली. ही गाणी त्यांच्या हातात बसलेली नाहीत. चाल ओळखू येते एवढंच. मधल्या म्युझिकच्या जागा रिकाम्या पडतात आणि चौघडेवाला त्या नुसत्या ठोक्यांनी भरतो. मी मामांना जाऊन सांगितलं की राहू द्या, यमन वाजवा. मग उरलेला पाऊण तास यमन आणि भूप झाला आणि तेवढा वेळ बरा गेला.

रात्री निघताना मी त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. उद्या हा साथीदार नको, आणि वेळ म्हणजे वेळ. त्यांनी वाद घातला नाही. "उद्या साथीला माझा पुतण्या बसतो, त्यो जुळवून घेतो," एवढंच म्हणाले.

सकाळी पावणेसातला चौघंही कार्यालयात हजर. मी तेव्हा देवकाच्या तयारीत होते, तरी मुद्दाम पाच मिनिटं काढून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, कारण वाद्य जुळवणं मला लहानपणापासून बघायला आवडतं. मामांनी खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली. आत कापडाच्या तुकड्यावर चार-पाच जिव्हाळ्या. जिव्हाळी म्हणजे सनईच्या तोंडाशी बसवतात ती बोरूसारख्या गवताची दुहेरी पट्टी, करंगळीच्या नखाएवढी. सगळा आवाज तिच्यातून निघतो. त्यांनी एक उचलली, ओठांत धरून ओली केली, सनईला लावून फुंकली, काढली, परत डबीत ठेवली. दुसरी घेतली. तिसरी लागली. सनईच्या गळ्याशी दोऱ्याने एक बारीक सुई बांधलेली असते, ती जिव्हाळीच्या फटीतून हलकेच फिरवून त्यांनी तोंड किंचित उघडलं आणि मग जो षड्ज, म्हणजे सा, लागला, तो ऐकून स्वयंपाकघरातली माणसं बाहेर डोकावली.

एसीचा झोत थेट त्यांच्या बाकावर येत होता. मामांनी बाक हलवून मागितला. कोरड्या गार हवेत जिव्हाळी लगेच सुकते आणि आवाज चिरका होतो. कार्यालयाचा माणूस कुरकुरला, फोटोत बाक मध्ये येतो म्हणाला. मी बाक हलवायला लावला. चौघडेवाल्याने लहान नगारं बाहेर उन्हात नेऊन ठेवलं होतं, कातडं चढायला. मोठ्यावर त्याने ओला फडका फिरवला, आवाज खाली उतरून गंभीर व्हायला.

आणि पुतण्या. वीस-बावीसचा मुलगा, कॉलेजात जाणारा. आदल्या दिवशी तो सूर धरायला होता. आज साथीच्या सनईवर तो आणि सुरावर आणखी एक लहान भाऊ. सुराची सनई दिसायला सनईसारखीच असते, पण छिद्रं मेणाने बुजवलेली. त्यातून एकच स्वर निघतो आणि तो तुटता कामा नये. मी त्या पोराला जवळून बघत होते. गाल फुगलेले, त्यात हवा साठवलेली. गालातली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकाने आत श्वास. नाकपुड्या तेवढ्या हलताना दिसतात, स्वर मात्र सरळ रेघ मारल्यासारखा चालू. हे काम कुणाच्या लक्षातही येत नाही. हल्ली बरीच पथकं हा माणूसच आणत नाहीत, इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावतात. चार माणसांचे पैसे घेणारं पथक सूर माणसाने धरणार की मशीनने, हे आधी विचारून घ्या. फरक पडतो. मशीनचा सूर सनईच्या मागे कुठेतरी वेगळा राहतो. एकाच जातीच्या दोन वाद्यांतून निघालेले स्वर एकमेकांत मिसळतात.

सातला सुरुवात भैरवने झाली. आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर सकाळी सनई लागायची आणि माझे वडील दाढी करता करता ती ऐकायचे, तीच ती सकाळ. नऊच्या सुमाराला अल्हैया बिलावल. पाहुणे येऊ लागले तशी लय थोडी वाढली, नाश्त्याच्या गर्दीत त्यांनी नाट्यपदं आणि अभंग घेतले. इथे मला त्यांची खरी ताकद दिसली. सनईला हार्मोनियमसारख्या पट्ट्या नाहीत आणि बासरीसारखा मऊपणाही नाही. बोट छिद्रावरून अर्धवट सरकवायचं आणि ओठांचा दाब कमी-जास्त करायचा, एवढ्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढायची. नाट्यपदातल्या ताना मामा एकेक दाणा सुटा वाजवत होते. आमच्या आत्तेसासूबाई, वय वर्षं ८४, नाश्त्याची बशी हातात घेऊन त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या त्या गौरीहर सुरू होईपर्यंत उठल्या नाहीत.

गौरीहराच्या वेळी मी निरोप पाठवायच्या आधीच चौघडा थांबला होता. मुलगी आत पूजेला बसली आहे हे त्यांना दारातून दिसत होतं. सनई एकटी, खालच्या सप्तकात, तोडी. सगळ्या कार्यालयाचा आवाज आपोआप खाली आला. पुढे ते बाक उचलून स्टेजच्या डाव्या अंगाला आले, ठरल्याप्रमाणे.

मंगलाष्टकांच्या वेळचं सविस्तर सांगते, कारण टेप आणि माणूस यांतला फरक तिथे कळतो. मंगलाष्टका एकच माणूस म्हणत नाही. गुरुजी दोन म्हणतात, मग मुलाची आत्या, मुलीची मावशी, कुणी काकू स्वतः रचून आणलेली म्हणते. वृत्त सगळ्यांचं शार्दूलविक्रीडित, पण पट्टी प्रत्येकीची निराळी. सनईची पट्टी मात्र ठरलेली, ती चढवता-उतरवता येत नाही. म्हणून मामांनी पहिल्या मंगलाष्टकेला सनई मांडीवर ठेवली आणि सुराच्या पोरालाही खूण करून थांबवलं. गाणारीच्या कानात परका स्वर जाऊ नये म्हणून. प्रत्येक 'सावधान'ला फक्त चौघड्याची एक छोटी थाप, अक्षता पडेपर्यंत. मी कितीतरी लग्नांत मंगलाष्टका म्हणणारीला मागच्या सनईच्या टेपमुळे गडबडताना पाहिलंय. इथे माझी धाकटी बहीण, जी चार माणसांत कधी गात नाही, तिने तिची अख्खी मंगलाष्टका निवांत म्हटली.

शेवटची म्हणायला वराची आत्या उभी राहिली. गळा गोड, पण त्या लांबवत होत्या. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. ११ वाजून ४५ झाले, ४६ झाले. मामांनी सनई ओठाला लावून धरलेली, डोळे गुरुजींच्या उजव्या हातावर. पुतण्या मामांकडे बघत होता आणि चौघडेवाला दोन्ही काड्या उचलून पुतण्याकडे. गुरुजींनी 'तदेव लग्नं' सुरू केलं, 'शुभ मंगल सावधान' झालं, अंतरपाट खाली आला आणि मागून कुणीतरी 'वाजवा रे वाजवा' ओरडलं. त्या ओरडण्याच्या आधी अर्ध्या क्षणाला पहिला ठोका पडला होता. दोन्ही सनया वरच्या षड्जावर एकदम, खाली चौघडा, आणि तिथून थेट द्रुत लयीत वृंदावनी सारंग. भर दुपारचा राग, दुपारच्या मुहूर्ताला. अक्षता उडत होत्या, मी हार हातात घेऊन उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला तो अजून आठवतो.

आमच्याकडे 'वाजवा' म्हणून ओरडायची रीत आहे ती समोर वाजवणारी माणसं बसलेली असतात म्हणूनच ना? ती हाक कुणाला तरी द्यायची असते. स्पीकरला हाक मारून काय होणार? लॅपटॉपपाशी बसलेला मुलगा योग्य फाइल शोधून क्लिक करेपर्यंत निम्म्या अक्षता खाली पडलेल्या असतात. मी हे पाहिलंय आणि दरवेळी मला वाईट वाटतं.

त्यानंतर विधी निवांत चालले. लाजाहोमाला मांड, सप्तपदीला एकेका पावलाला चौघड्याचा एक ठोका, हे त्यांनी आपण होऊन केलं. पंगती बसल्या तेव्हा मात्र एक गोष्ट खटकली. विहीणपंगतीच्या सुरुवातीलाच सगळे एकदम जेवायला गेले आणि पाऊण तास शांतता. माणसांनी जेवायलाच हवं, सकाळपासून फुंकत होते. पण दोघं-दोघं गेले असते तर विहिणीच्या मानाच्या वेळी निदान एक सनई चालू राहिली असती. तुम्ही सांगाल तेव्हा हे आधी ठरवून घ्या. आणि त्यांना पहिल्या पंगतीला पान वाढा, स्वयंपाकघराच्या मागे उभ्याने नको. फुंकणाऱ्या माणसाला तासनतास उपाशी ठेवून चांगलं वाजवण्याची अपेक्षा करणं बरोबर नाही. त्यांना तिखट-तेलकट नको असतं, घसा धरतो. आम्ही ताक आणि गरम पाणी वेगळं ठेवायला सांगितलं होतं.

पाठवणी चारला झाली. मी आधीच विनवलं होतं की फार रडवू नका. मामांनी भैरवी घेतली, पण चालत्या लयीत, माणसं दाराकडे निघाली आहेत त्या पावलांच्या वेगाने. मुलगी आत्तेसासूबाईंच्या पाया पडायला वाकली. आजीने तिला धरून ठेवलं, सोडेना. मामांनी कोमल रिषभावर थांबून तो स्वर धरला. मागे सूर चालूच होता. आजीने हात सोडला, मुलगी उभी राहिली, पाऊल उचललं आणि सनई षड्जावर आली. तुम्ही म्हणाल, योगायोग असेल. नव्हता. तो माणूस डोळे उघडे ठेवून वाजवत होता.

आता माइकबद्दल, कारण चांगलं पथक आणूनही बहुतेक ठिकाणी माती होते ती इथे. सनईचा आवाज मुळात मोठा आहे. देवळांच्या महाद्वारावर नगारखाना असतो तो उगीच नाही, आवाज गावभर जायचा. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात गेलात तर वर मान करून बघा. तीनशे माणसांच्या बंद हॉलमध्ये सनईला एक माइक पुरतो, तोही दोन फुटांवर. आमच्या साउंडवाल्याने सकाळी सनईच्या कर्ण्यातच माइक खुपसला आणि इको चढवला. तानांचा नुसता चिखल झाला. माझ्या भाच्याने जाऊन इको पूर्ण काढायला लावला, माइक मागे घेतला, चौघड्याचा माइक बंदच केला. मग ऐकू आलं. हे काम घरातल्या एखाद्या ऐकणाऱ्या माणसाकडे नेमून द्या, कारण वाजवणारे स्वतः साउंडवाल्याशी भांडत नाहीत. त्यांना रोज वेगळ्या कार्यालयात जायचं असतं.

पहाटे साडेपाचपासून वाजवा असा वरपक्षाच्या एका काकांचा आग्रह होता. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत ते आहे, आणि कार्यालयाच्या मागे घरं आहेत. आम्ही सातच ठेवली.

कार्यालयाच्या कचेरीतून 'म्युझिक लायसन्स'चे पैसे मागितले, हेही इथे नोंदवते, कारण इतरांनाही मागतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक विधींसाठी सूट आहे आणि लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात स्पष्टपणे धरले आहेत. शिवाय भैरव-तोडी कुणाच्या मालकीचे? मी कलमाची प्रत छापून नेली होती, ती दाखवल्यावर मागणी मागे घेतली.

कुणाला वाटेल, एवढी माणसं कशाला, एखादा एकटा कलाकार बोलवावा. आम्ही साखरपुड्याला तेही केलं. एक तरुण बासरीवाला आणि तबल्यावर त्याचा मित्र, दोघांचे मिळून ७,०००. घरच्या हॉलमध्ये साठ माणसं, सगळी बसलेली, तिथे ते फार छान झालं. पण बासरी ऐकायला माणसं गप्प बसावी लागतात. लग्नाच्या गजबजाटात, भांड्यांच्या आवाजात आणि पोरांच्या धावपळीत ती हरवते. सनई त्या गर्दीतच वाजवायचं वाद्य आहे. पुण्याच्या शंकरराव गायकवाडांनी सनई मैफलीत नेली, बिस्मिल्ला खाँसाहेबांनी तर १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी लाल किल्ल्यावर वाजवली आणि २००१ मध्ये भारतरत्न मिळवलं, सवाई गंधर्व महोत्सवाची सुरुवातही सनईनेच होते. हे सगळं थोर आहेच. पण मांडवात, देवळात, लोक ये-जा करत असताना वाजवणारे जे शेकडो लोक आहेत, त्यांच्या जिवावर हे वाद्य टिकलंय. गुरव, घडशी, होलार अशा समाजांतल्या घरांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळलं. मामांचा पुतण्या मला म्हणाला की त्याच्या गावातल्या चार घरांपैकी आता दोनच घरी वाजवतात. बाकीच्यांची मुलं एमआयडीसीत गेली. लग्नाचे पाच-सहा महिने सोडले तर चातुर्मासात घरात पैसा येत नाही, तर दोष कुणाला देणार?

म्हणून पैशांबाबत घासाघीस करू नका असं मी अगदी मनापासून सांगते. आमच्या फुलांच्या कमानीला ३५,००० लागले आणि संध्याकाळी ती ट्रकमध्ये गेली. चौघांच्या आठ-नऊ तासांच्या मेहनतीचे १२,००० हे जास्त नाहीत, कमीच आहेत. आम्ही ठरल्याप्रमाणे ३,००० आगाऊ दिले होते. उरलेले पाठवणीनंतर लगेच, तिथेच, मोजून दिले. टॉवेल-टोपी, नारळ आणि पोरांना वेगळे पाचशे-पाचशे. बऱ्याच घरी पाठवणीनंतर सगळे दमलेले असतात आणि वाजंत्र्यांना 'उद्या या' सांगतात. तसं करू नका. पाकीट सकाळीच भरून एका जबाबदार माणसाच्या खिशात ठेवा.

पावती त्यांच्याकडे नाही. आगाऊ रकमेची नोंद मी माझ्या वहीत करून त्यावर त्यांची सही घेतली. तारीख, वेळ, माणसं किती आणि कोण, मधे सुट्टी किती, एवढं एका कागदावर असलेलं दोघांनाही बरं. त्यांचा नंबर असा जाहीर द्यायला त्यांनी नको म्हटलंय, ओळखीतून आलेलं काम त्यांना बरं वाटतं. मिरजेत वाद्यांच्या दुकानांत विचारलंत तर चांगली माणसं कळतील, फक्त घरी बोलावून समोर ऐका. मोबाइलवर पाठवलेलं रेकॉर्डिंग कुणाचंही असू शकतं.

तारखांचं मात्र लवकर बघा. तुळशीचं लग्न झालं की मार्गशीर्ष, माघ, फाल्गुनाच्या चांगल्या तिथी भराभर जातात, वैशाखाच्या तर पंचांग हातात पडताच. माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाचं लग्न येत्या माघात कऱ्हाडला आहे. मामांना मी आताच सांगून ठेवलंय. सीमांतपूजनाला त्यांना बोलावणार नाही, त्या दिवशी दिवसभर दुसरीकडे वाजवून ते दमलेले असतात. लग्नाच्या सकाळी तेच चौघं, साथीला पुतण्याच, जेवायला दोघं-दोघं, आणि माइक एकच. कऱ्हाडच्या कार्यालयात स्टेजच्या डाव्या हाताला खांब आहे, त्यामुळे बाक उजवीकडे घ्यावा लागेल. ते बघायला पुढच्या रविवारी दीर आणि मामा दोघंही जाऊन येणार आहेत.